शेऱ्याचा रकाना

डेपोच्या फळ्यावर दुपारी चार वाजता दुसऱ्या दिवसाच्या ड्युट्यांचा कागद लागायचा, आणि तो कागद गेली एकोणीस वर्षं एकच बाई करत होती. हुद्दा टाइमकीपरचा. पण एकशे बेचाळीस ड्रायव्हरांपैकी एकानेही तिला त्या हुद्द्याने कधी हाक मारली नाही. सगळे नुसतं ‘बाई’ म्हणायचे. कोणता माणूस कोणत्या गाडीवर, कोणत्या रूटला, किती वाजता, हे बाई ठरवायच्या. खिडकीपलीकडे उभे राहून ड्रायव्हर भांडायचे, गयावया करायचे, तोंड फुगवून निघून जायचे. पण दुसऱ्या दिवशी गाडी वेळेवर फाटकाबाहेर पडायची.

कागदाच्या उजव्या टोकाला ‘शेरा’ नावाचा एक अरुंद रकाना होता. तो बाई कोराच ठेवायच्या. कुणाच्या बायकोला मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला न्यावं लागतं, कोणते दोन सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, कुणाला पहिल्या गाडीला लावलं तर तो दिवसभर प्रवाशांवर डाफरतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. ते कागदावर उतरवायची गरज कधी पडली नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं.

विचारणारे भेटले ते असे. नवऱ्याची भाची घरी आली होती, तिने मोबाइल बाईंच्या नाकासमोर धरला. ‘‘मामी, हे तुझ्यासाठीच लिहिलंय बघ.’’

बसच्या ड्युट्या लावणारं सॉफ्टवेअर करणारी एक नवी कंपनी होती. तिला ‘प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेला तज्ज्ञ’ हवा होता. शिक्षणाची अट नाही. बाईंनी तज्ज्ञ हा शब्द दोनदा वाचला.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचा. तो म्हणाला, ‘‘तज्ज्ञ म्हणजे तू? म्हणजे इतकी वर्षं मी एका तज्ज्ञाशी भांडत होतो तर. तरीच जिंकलो नाही कधी.’’

बाई हसल्या, पण अर्ज त्यांनी त्याच संध्याकाळी भाचीकडून भरून घेतला. डेपोतल्या त्या कोंदट खोलीचा, डिझेलच्या वासाचा आणि मॅनेजरच्या ‘तुम्हाला काय कळतं’ या पालुपदाचा त्यांना वीट आला होता. आणि खरं सांगायचं तर, आपण करतो त्याला कुणीतरी ज्ञान म्हणतंय, याची आतून गुदगुली होत होती.

पहिली फेरी फोनवर झाली. मुलाखती ठरवणाऱ्या मुलीचा आवाज मधाळ होता. प्रत्येक वाक्याला ‘मॅम’.

‘‘मॅम, तुम्ही तुमच्या कामाबद्दल किती पॅशनेट आहात?’’

बाईंनी क्षणभर विचार केला. ‘‘मी वेळेवर असते,’’ त्या म्हणाल्या.

मुलगी खळखळून हसली. ‘‘ऑल द बेस्ट, मॅम!’’

दुसऱ्या फेरीला मोबाइलच्या पडद्यावर दोन तरुण आले. एक प्रश्न विचारत होता, दुसरा मान वर न करता टाइप करत होता. एखादा माणूस ऐन वेळी आला नाही तर काय करता? दोघे आले नाहीत तर? निम्मे आले नाहीत तर? शेवटच्या प्रश्नाला बाई म्हणाल्या, ‘‘निम्मे आले नाहीत तर संप आहे, तेव्हा मी पण घरी जाते.’’ टाइप करणाऱ्याने तेही टाइप केलं. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तास चालली. बाईंचा घसा बसला, पण चेहरा उजळला होता. एकोणीस वर्षांत त्यांचं बोलणं इतका वेळ कुणी ऐकलं नव्हतं.

तिसरी फेरी म्हणजे घरी करायचं काम. ‘‘तीन-चार तासांचं आहे, मॅम,’’ मुलगी म्हणाली. एका डेपोच्या ड्रायव्हरांची यादी पाठवली होती आणि पूर्ण महिन्याच्या ड्युट्या लावून द्यायच्या होत्या. बाईंनी भाचीच्या लॅपटॉपवर फाइल उघडली आणि त्या चमकल्या. नावं नव्हती, नुसते बिल्ला नंबर होते. पण २९०४, ३११७, ३०५०... हे नंबर त्यांना स्वतःच्या घराच्या नंबराइतके ओळखीचे होते.

त्यांनी फोन लावला. ‘‘अगं, हे तर आमच्याच डेपोचे नंबर आहेत.’’

पलीकडे कीबोर्ड खडखडला. मग तोच मध. ‘‘नमुन्याचा डेटा आहे, मॅम. कुठून तरी घेतला असेल. तुम्हाला तर उलट सोपं जाईल!’’

आणि बाईंना आनंद झाला. पुढे कित्येक दिवस त्या स्वतःला बोल लावत होत्या तो याच आनंदाबद्दल. नंबर तिथे कसे पोचले, कुणी दिले, कशाला दिले, हे न विचारता त्यांना वाटलं, चला, पेपर फुटला.

यादीत शेवटी एक मोठा रकाना होता : ‘इतर माहिती. जितकं सविस्तर, तितकं उत्तम.’

दोन साप्ताहिक सुट्ट्या त्या रकान्यात गेल्या. नवरा चहाचा कप ठेवायला आला आणि मागून वाचत उभा राहिला.

‘‘अगं, एवढं कशाला लिहितेस? दोन ओळी खरड आणि दे पाठवून.’’

‘‘परीक्षेत कुणी अर्धा पेपर कोरा ठेवतं का?’’

‘‘परीक्षेत लोकांच्या घरच्या गोष्टी विचारत नाहीत.’’

‘‘नावं कुठे आहेत त्यात? नुसते नंबर आहेत,’’ बाई म्हणाल्या आणि टाइप करत राहिल्या.

३११७ शी मात्र त्यांचा हात थांबला. तो पैलवानचा नंबर होता. दारातून आत आला की खोली अर्धी भरायची असा माणूस, आणि आवाज म्हणाल तर महिन्यातून दोनदा. सहा वर्षांपूर्वी त्याचा मुलगा नदीवरच्या पुलावर मोटारसायकलवरून पडला आणि मागून ट्रक आला. तेराव्या की चौदाव्या दिवशी पैलवान कामावर हजर झाला. त्या दिवसापासून बाईंनी त्याला पुलावरून जाणारी एकही गाडी दिली नाही. त्यासाठी दर आठवड्याला चार माणसं इकडची तिकडे करावी लागत. पैलवानला त्या याबद्दल कधी बोलल्या नाहीत, त्यानेही कधी विचारलं नाही. रोज चार वाजता तो फळ्यासमोर यायचा, कागद बघायचा आणि जायचा.

बाईंनी लिहिलं : ‘पुलावरचा रूट देऊ नये. मुलगा तिथे गेला. त्याला याबद्दल विचारू नये.’

चौथी फेरी त्यांच्या ऑफिसात, अख्खा दिवस. सगळ्या खोल्या काचेच्या. कोण कुणाशी बोलतंय ते सगळ्यांना दिसावं आणि काय बोलतंय ते कुणाला ऐकू येऊ नये, अशी रचना. बाईंच्या हातात मार्कर दिला आणि त्या भिंतभर बोर्डावर बाण काढत सुटल्या. कोपऱ्यात कॅमेरा होता. ‘‘नोट्ससाठी रेकॉर्ड करतोय, चालेल ना?’’ आता चार फेऱ्यांनंतर नाही कोण म्हणणार? संध्याकाळी मालक आला. दाढीवाला, तिशीचा, आणि ऑफिसातली पोरं त्याला सरळ अरे-तुरे करत होती. त्याने बाईंचा हात दोन्ही हातांत धरला.

‘‘तुम्ही आमच्यासाठी सोन्याची खाण आहात.’’

घरी येऊन बाईंनी हे नवऱ्याला तोंड भरून सांगितलं. तो काचेला फडकं लावता लावता म्हणाला, ‘‘खाणीचं काय करतात, माहीत आहे ना?’’

त्यानंतर तीन आठवडे सामसूम. मुलगी फोन उचलेना. मग एक मेल आलं : आपल्या वेळेबद्दल आभारी आहोत, परंतु आमच्या टीमच्या संस्कृतीशी अधिक जुळणाऱ्या उमेदवारासोबत आम्ही पुढे जात आहोत.

‘‘संस्कृती म्हणजे गं काय?’’ बाईंनी भाचीला विचारलं.

भाची चाचरली. ‘‘म्हणजे... तू त्यांच्यातली वाटत नाहीस, मामी.’’

बाईंना कुणी भर रस्त्यात तोंडात मारल्यासारखं झालं. वय झालं, म्हणा. इंग्रजी येत नाही, म्हणा. मी काय त्यांच्या घरात सून म्हणून चालले होते? पण हा राग त्यांनी गिळला. राग गिळायची त्यांना सवय होती. मॅनेजरच्या हाताखाली एकोणीस वर्षं काढली होती.

महिन्याभराने मॅनेजरने सगळ्यांना विश्रांतीच्या खोलीत बोलावलं. भिंतीवर पांढरा पडदा लावला होता. ‘‘पुढच्या महिन्यापासून ड्युट्या मशीन लावणार,’’ तो म्हणाला. ‘‘वशिला बंद, रडगाणी बंद.’’ साठ-सत्तर ड्रायव्हर दाटीवाटीने उभे होते. आणि पडद्याशेजारी लॅपटॉप घेऊन दाढीवाला उभा होता.

त्याने बाईंना पाहिलं. ओळख त्याच्या डोळ्यांत आली आणि लगेच निघून गेली. तो बोलायला लागला. हे सॉफ्टवेअर म्हणे नुसते तास मोजत नाही, माणूस ओळखतं. त्याने एक नंबर दाबला. २९०४. पडद्यावर पिवळी चौकट आली : पत्नी दीर्घ आजारी. उपलब्धता कमी. मंगळवार, शुक्रवार.

दुसऱ्या रांगेतल्या माणसाने मान खाली घातली. ते दोन वार बाईंनीच टाइप केले होते.

‘‘वा!’’ मॅनेजर म्हणाला. ‘‘हे तर आम्हालाही माहीत नव्हतं. आणखी दाखवा.’’

पुढची चौकट लाल होती. ३११७. पूल टाळतो. कारण : मुलाचा अपघाती मृत्यू. मानसिक स्थैर्य : शंकास्पद. तपासणी होईपर्यंत ड्युटी देऊ नये.

पैलवान मागे, पाण्याच्या टाकीजवळ उभा होता. त्याच्या हातात भरलेला पेला होता, तो त्याने न पिता हळूच टाकीवर ठेवला. सगळ्यांच्या माना वळल्या, आणि लगेच लाजून परत पुढे झाल्या.

हे कुणी सांगितलं, ते खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. दाढीवाला सांगणार नव्हता. बाई गप्प बसल्या असत्या तर पचून गेलं असतं. पण त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि आता ती गिळता येण्यासारखी नव्हती.

‘‘बंद करा ते!’’

मॅनेजर दचकला. ‘‘बाई, प्रश्न शेवटी.’’

‘‘प्रश्न नाहीये. ते माझं आहे. मी लिहिलंय ते.’’ त्या गर्दीतून वाट काढत पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. लाल चौकट त्यांच्या साडीवर पडली. ‘‘ऐका सगळे. मी ह्यांच्याकडे नोकरी मागायला गेले होते. ह्यांनी मला पेपर दिला, आणि मी मूर्ख, तुमच्या सगळ्यांच्या घरचं त्यात लिहून आले. नोकरी दिली नाही. पेपर ठेवून घेतला.’’

‘‘मॅम,’’ दाढीवाला हळू आवाजात म्हणाला, ‘‘तुम्ही फॉर्मवर संमती दिली होती. निवडप्रक्रियेतली उत्तरं कंपनीची असतात, हे तिथे स्पष्ट लिहिलंय.’’

‘‘उत्तर तुमचं? शंकास्पद हा शब्द माझा नाही. तो कुठून आणलात? आणि मी लिहिलं होतं, त्याला याबद्दल विचारू नये. ते कुठे गेलं?’’

‘‘ते...’’ त्याने दाढीवरून हात फिरवला. ‘‘त्या वाक्याचं सिस्टिमला काही करता येत नव्हतं. म्हणून काढलं.’’

‘‘म्हणून काढलं!’’ बाईंचा आवाज फाटला. ‘‘अरे, तेवढंच तर कामाचं होतं त्यात! बाकी सगळं त्याच्यासाठी होतं! चार वेळा बोलावलंत, भिंतभर लिहून घेतलंत, आणि तुमच्या एवढ्या शिकलेल्या टाळक्यात एवढं शिरलं नाही?’’

त्यांनी लॅपटॉपचं झाकण खाडकन आपटलं. पडदा निळा झाला. वळून पाहिलं तर पैलवान खोलीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला तो खिडकीशी आला. त्याला तपासणीचा दाखला आणेपर्यंत घरी बसायची मॅनेजरची चिठ्ठी सकाळीच मिळाली होती.

‘‘उद्याची पुलाची लावा,’’ तो म्हणाला.

‘‘नाही लावणार.’’

‘‘लावा.’’

‘‘पैलवान, माझं चुकलं. मी हात जोडते. पण हे नका करू.’’

त्याने खिडकीच्या गजांवर हात ठेवले. ‘‘सहा वर्षं रोज चार वाजता कागद बघायचो. पुलाची नसली की वाटायचं, आजही सुटलो. मला वाटायचं, योगायोग आहे. कुणालाच माहीत नाही, असं वाटायचं. त्यावरच चाललं होतं माझं.’’ एवढं सलग बोललेला पैलवान बाईंनी कधी पाहिला नव्हता. ‘‘तुम्हाला माहीत होतं.’’

‘‘मला एकटीलाच.’’

‘‘आता सगळ्यांना आहे. मला बघितलं की बोलणं थांबतं. लावा पुलाची. लाल काय नि पिवळा काय, बघतोच मी.’’

बाईंनी लावली. मॅनेजरची चिठ्ठी बाजूला सारून, पेन कागदात रुतेल इतकं दाबून लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी सकाळी सात दहाला बाहेर पडली आणि बारा वाजून पाच मिनिटांनी परत आली. एका मिनिटाचाही फरक नाही. त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला होता. खिडकीतून त्याने किल्ली आत सरकवली.

‘‘डावा आरसा सैल आहे. लिहून घ्या,’’ तो म्हणाला आणि गेला.

महिन्याभरात त्याने दुसऱ्या डेपोला बदली मागून घेतली. जाताना सगळ्यांना भेटला. खिडकीशी आला नाही.

बाईंना चिठ्ठी डावलल्याचा मेमो मिळाला. तो द्यायला आलेल्या मॅनेजरला त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘आमचे नंबर त्यांना कुणी दिले?’’ मॅनेजर खिडकीबाहेर बघू लागला. ड्रायव्हरांनी मात्र एक केलं. ‘इतर माहिती’ पडद्यावर आहे तोवर ड्युटीच्या कागदावर सह्या करणार नाही म्हणाले, आणि दोन दिवस खरंच केल्या नाहीत. मग तो रकाना निघाला. पडद्यावरून निघाला, त्या काचेच्या खोल्यांतून निघाला की नाही, कोण बघायला जाणार? आणि काही ड्रायव्हर बाईंशी पूर्वीसारखे भांडत नाहीत. कामापुरतं बोलतात. भांडत नाहीत, हे त्यांना जास्त लागतं.

नवरा म्हणाला, ‘‘आता सोड. किती दिवस आग ओकत राहणार?’’

‘‘सोडते ना. आधी एकदा जाऊन येते.’’

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बाई त्या ऑफिसात गेल्या. दाढीवाल्याला चार शब्द सुनवायचे, एवढंच डोक्यात होतं. पण बाहेरच्या सोफ्यावर साठीचा एक माणूस बसला होता. मांडीवर फाइल, शर्टाला कडक इस्त्री, नखांत न निघालेलं ग्रीस.

‘‘मुलाखतीला?’’ बाईंनी विचारलं.

‘‘हो. वर्कशॉपला फोरमन होतो. निवृत्त झालो.’’ तो खुशीत होता. ‘‘इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगतो मी. ह्यांना तसाच माणूस हवाय. चौथी फेरी आहे.’’

बाई त्याच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. फोरमन ऐकत गेला, तसा त्याचा चेहरा आवळत गेला.

‘‘तुम्हाला घेतलं नाही म्हणून बोलताय,’’ तो अखेर म्हणाला.

‘‘तसं समजा. पण आत जाल तेव्हा आधी नेमणुकीचं पत्र मागा, मग तोंड उघडा.’’

‘‘पत्र मागितलं तर वाटेला लावतील.’’

‘‘लावू देत.’’

‘‘घरी बसून भिंती बघतोय मी, बाई. कुणीतरी विचारतंय तरी,’’ तो म्हणाला. काचेचं दार उघडलं, त्याचं नाव पुकारलं गेलं आणि तो गेला. काचेतून बाईंना तो दिसत होता. त्याने मान तिरकी करून कान पुढे केला, डोळे मिटले, आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढून दाखवायला लागला. कोपऱ्यात कॅमेरा होता. बाईंना तिथे बसवेना. दाढीवाल्याला न भेटताच त्या खाली उतरल्या.

पण त्या घरी गेल्या नाहीत. इमारतीच्या दाराशी फूटपाथच्या कठड्यावर बसल्या. हातात फाइल घेतलेला माणूस दिसला की विचारायच्या, ‘‘मुलाखतीला? दोन मिनिटं द्या मला.’’ पुढच्या सुट्टीलाही गेल्या, त्याच्या पुढच्याही. हॉस्पिटलातल्या ड्युट्या लावणारी एक नर्स ऐकून घेऊन माघारी फिरली. एकाने ‘वेड लागलंय का’ म्हणून झिडकारलं. एकाने मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं, आणि ते कशासाठी, हे बाईंना कळलं नाही.

तिसऱ्या खेपेला एक किडमिडीत मुलगी खाली आली. तोंड उघडताच बाईंनी आवाज ओळखला.

‘‘मॅम, वरून निरोप आहे, तुम्ही गेला नाहीत तर पोलिसांना बोलावतील.’’

‘‘बोलाव. मी सरकारी कठड्यावर बसलेय.’’

मुलगी गेली नाही. तिने वर एकदा बघून घेतलं. ‘‘मॅम, एक सांगू? तुमच्या वेळी जागा नव्हतीच. कुणालाच घ्यायचं नव्हतं. मला दुसऱ्या फेरीनंतर कळलं. मला खूप वाईट वाटलं होतं.’’

ती थांबली. बाई काहीतरी मायेचं बोलतील, अशी तिची अपेक्षा असावी. मुलगी भाचीच्याच वयाची होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ते सगळं बाईंना दिसत होतं.

‘‘वाईट वाटलं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मग तिसऱ्या फेरीची फाइल कुणी पाठवली?’’

‘‘मी. पण माझं कामच...’’

‘‘नंबर आमचे आहेत असं मी सांगितलं, तेव्हा नमुन्याचा डेटा कोण म्हणालं?’’

मुलीने गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली.

‘‘वर जा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आणि मला मॅम म्हणू नकोस.’’

मुलगी वळली आणि पायऱ्या चढून आत गेली. रस्त्यापलीकडे एक प्रौढ स्त्री रिक्षातून उतरत होती, बगलेत पिवळी फाइल धरून इमारतीवरची पाटी वाचत होती. बाई कठड्यावरून उठल्या आणि गाड्यांना हात दाखवत रस्ता ओलांडायला लागल्या.